सात माणसं, चार खुर्च्या

फेब्रुवारी 2024 मधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, मी जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून कॉलवर, आणि दारात पिंपळगावचे एक द्राक्ष निर्यातदार उभे. हातात द्राक्षांची पेटी. इन्व्हॉइसवरचा पत्ता शोधत आले होते आणि पत्ता निघाला इंदिरानगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा. सासूबाईंनी त्यांना बसवलं, पोहे दिले. माझा कॉल संपेपर्यंत ते सोफ्याच्या कडेवर अवघडून बसून माझ्या मुलाची वही चाळत होते. कामाचं बोलणं दहा मिनिटांत आटोपलं. निघताना बूट घालता घालता म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी ऑफिसातच भेटू."

ऑफिस नव्हतंच.

आम्ही सात जण. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाउसना, म्हणजे माल पेट्यांत भरणाऱ्या केंद्रांना, नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर देतो. कोणत्या बागेतला माल कधी आला, कुठल्या पेटीत गेला, पेटीवर कोणता नोंदणी क्रमांक छापायचा, असला सगळा हिशोब. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची, ग्रेपनेट ही व्यवस्था 2006 पासून आहे. पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता आला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. पण ते पाळताना पॅकहाउसवाल्यांच्या नाकी नऊ येतात आणि त्यावर आमचं पोट चालतं. मला धरून तिघं नाशिकमध्ये, बाकी एक जण सिन्नरला, एक निफाडला, एक जळगावला आणि एक पुण्यात. नावं टाकत नाही, गावावरूनच हाका मारते.

2019 मध्ये कॅनडा कॉर्नरजवळ आमचा एक छोटा गाळा होता. लॉकडाउनमध्ये कुलूप लावलेल्या गाळ्याचं तीन महिने भाडं भरलं आणि जून 2020 मध्ये सोडला. रंगरंगोटीच्या नावाखाली डिपॉझिटमधले अठरा हजार गेले. तेव्हापासून सगळे घरून. चार वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू.

दुखणं मार्चमध्ये वर आलं. आमचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि त्या दिवसांत सपोर्टच्या फोनसाठी आम्ही दोन शिकाऊ मुली घेतो. नवी मुलगी पंचवटीत तिच्या घरी, तिला शिकवणारा निफाडला त्याच्या घरी. एका पॅकहाउसच्या यादीत एकाच शेतकऱ्याच्या दोन बागा होत्या आणि तिच्याकडून त्यांचे क्रमांक अदलाबदल होत होते. तो विचारायचा, "समजलं ना?" ती म्हणायची, "हो सर." असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन आला. लेबलं चुकीची निघतायत, माल प्री-कूलिंगच्या गार खोलीतून बाहेर आलाय, न्हावा शेवा बंदराला जाणारा रीफर, म्हणजे गारव्याचा कंटेनर दारात उभा आहे. आम्ही चौघं चार घरांतून स्क्रीन शेअर करत साडेबारापर्यंत बसलो. ती शेजारच्या खुर्चीत असती, तर निफाडकरानं नुसती मान वळवून "अगं, खालचा कॉलम बघ" म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

एप्रिल अखेरीस बागांमध्ये खरड छाटणी सुरू झाली, फोन थंडावले आणि मी ऑफिस शोधायला लागले. नाशिकमध्ये हे करताना काय काय होतं, ते कुठे नीट लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहितेय.

घरात पहिलं मत अर्थातच सासऱ्यांचं. बाबांनी सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. "स्वतःची जागा घे. बाहेर पाटी लाव. दुसऱ्याच्या छताखाली बसून धंदा होत नाही." मलाही आतून तेच हवं होतं. कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला साडेचारशे चौरस फुटांचं एक ऑफिस आवडलंही. भाडं 26,000, डिपॉझिट सहा महिन्यांचं, करार तीन वर्षांचा आणि त्यातलं पहिलं वर्ष लॉक-इन, म्हणजे मधेच सोडता येणार नाही. दलालाचं एक महिन्याचं भाडं वेगळं.

मग मी कागद घेऊन बसले. भाडं 26,000, सोसायटीचा मेंटेनन्स 2,500, वीज 5,000, दोन कंपन्यांचं इंटरनेट 2,500, झाडलोट 3,000, चहापाणी 2,000. झाले 41,000. टेबलं, खुर्च्या, एसी, इन्व्हर्टर, वायरिंग यांचा सुताराने आणि इलेक्ट्रिशियनने मिळून दिलेला अंदाज साडेचार लाखांचा. छत्तीस महिन्यांत वाटला तरी महिन्याला 12,500. एकूण 53,500. बारा महिने तेवढेच, द्राक्षं असोत वा नसोत. शिवाय शिकाऊ मुली आल्या की त्या बसणार कुठे, हा प्रश्न होताच. सातांसाठी घेतलेली जागा मार्चमध्ये अपुरी पडणार आणि ऑगस्टमध्ये ओस.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. "मग तुझं तू बघ," म्हणाले.

मे महिन्यात मी जे केलं त्याचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. चार आठवडे एक शीट ठेवली. "ऑफिस हवं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. रोज संध्याकाळी प्रत्येकाने एवढंच लिहायचं, की आज एखादी खुर्ची मिळाली असती तर घर सोडून आलो असतो का, आणि कशासाठी. वीस दिवसांचा हिशोब असा निघाला: पाच जण आले असते असे तीन दिवस, सातही जण एकही दिवस नाही, बहुतेक दिवशी दोन किंवा तीन. कारणं चारच होती. कुणाला तरी शिकवायचंय, डिझाइनवरून भांडायचंय, क्लायंट भेटायला येणार आहे आणि घरी पाहुणे आलेत. चौथं कारण सगळ्यात जास्त वेळा.

सिन्नरहून येणं म्हणजे तीस किलोमीटर, निफाडहून त्याहून थोडं जास्त. या दोघांना रोज बोलावण्यात काही अर्थ नव्हता. जळगावकराचा तर प्रश्नच नाही. म्हणजे हवी होती ती कमी-जास्त करता येईल अशी जागा: को-वर्किंग, जिथे अनेक जण एकाच छताखाली टेबलागणिक भाडं भरून बसतात. नाशिक, सिन्नर आणि निफाडच्या पाच जणांनी मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं ठरवलं, बाकी दिवशी ज्याला वाटेल त्याने.

जागेचा भाग नकाशावरून ठरला. सिन्नरकडून येणारी बस नाशिकरोडवरून द्वारकेला येते, निफाडकर आडगाव नाक्यावरून द्वारकेलाच येतो. पुणे रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग तिथेच मिळतात. त्यामुळे गंगापूर रोडच्या दोन देखण्या को-वर्किंग जागा मी यादीतून काढल्या. काचेच्या भिंती आणि झाडं छान होती, पण सिन्नरकरणीला तिथपर्यंत रिक्षाचे वेगळे पैसे पडले असते. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यातच शोधायचं ठरलं. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी सहाला काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको, त्यामुळे आमची वेळ दहा ते साडेचार.

जूनमध्ये पाच जागा बघितल्या. नुसत्या फिरून बघू नका, डे पास काढा. मला तो 350 ते 500 रुपयांना पडला आणि एकेका जागेचं सोंग एका दिवसात उतरलं. इंटरनेटचा वेग सकाळी अकराला सगळेच कौतुकाने दाखवतात. मी दुपारी चारला, सगळी टेबलं भरलेली असताना, अपलोड मोजायचे. एका ठिकाणी सकाळी भरपूर असलेला वेग चारला इतका पडला, की माझा आवाज तुटायला लागला. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी लग्नाचा व्हिडिओ चढवत होतं. दुसरीकडे पावसात वीज गेली. दिवे बॅटरीवर, पंखे बॅटरीवर, कॉफीचं मशीनसुद्धा बॅटरीवर, आणि इंटरनेटचा राउटर तेवढा नव्हता. पंचवीस माणसं उजेडात बसून एकमेकांकडे बघत होती.

तिसऱ्या जागेत बायकांचं स्वच्छतागृह वेगळं होतं, पण त्याची किल्ली तळमजल्यावर वॉचमनकडे. हे टूरमध्ये कुणी सांगत नाही, दिवसभर बसल्यावरच कळतं. इमारतीचं मुख्य शटर किती वाजता पडतं हेही विचारा. को-वर्किंगवाला "चोवीस तास" म्हणतो आणि खालचा वॉचमन नऊला कुलूप लावतो. आमचे कंटेनरचे फोन साडेनऊला येतात.

जुलैमध्ये फसले. मुंबई नाक्याजवळची एक जागा पसंत पडली आणि मी उत्साहात 10,000 टोकन यूपीआयवरून पाठवलं. मग सीएला सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "जागा त्यांची स्वतःची आहे का?" नव्हती. बहुतेक को-वर्किंगवाले स्वतःच भाडेकरू असतात. जागेचा मालक वेगळा, चालवणारा वेगळा आणि आपण तिसरे. जीएसटीमध्ये तो पत्ता दाखवायचा तर ही साखळी कागदावर जुळावी लागते. मालक आणि चालवणारा यांच्यातला करार, त्या करारात पुढे दुसऱ्याला जागा वापरायला द्यायची परवानगी, वीजबिल किंवा घरपट्टीची पावती आणि ना हरकत पत्र. इथे करारात परवानगीचं कलमच नव्हतं आणि मालक पत्र द्यायला तयार नव्हते. वर तो करार सप्टेंबरमध्ये संपत होता. टोकन परत मिळालं, पण पाच आठवड्यांनी, दोन हप्त्यांत, आणि मधल्या काळात माझे तेरा फोन झाले. टोकन देण्याआधी करारातलं परवानगीच्या कलमाचं ते एक पान बघायला मागा. द्यायला कां कूं केलं तर उठून या.

त्या पाच आठवड्यांत मी बरीच खचले होते. एवढीशी टीम, कशाला हा उपद्व्याप, असं रोज रात्री वाटायचं. नवऱ्याने एकदाच विचारलं, "गॅलरी बंद करून घेऊ या का? तिथे बसतील दोघं." मी त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला, यावरून काय ते समजा.

ऑगस्टच्या शेवटी द्वारकेपासून चालत दहा मिनिटांवर एक जागा मिळाली. दिसायला साधी, लॅमिनेटची टेबलं, भिंतीवर कसलीही इंग्रजी सुविचारांची स्टिकरं नाहीत. चालवणारा तिशीतला मुलगा. मी विचारायच्या आत त्यानं मालकाबरोबरचा नोंदणीकृत करार काढून परवानगीचं कलम दाखवलं. म्हणाला, "ताई, आधी हेच बघून घ्या. नंतर सगळे यावरूनच भांडतात."

दरापेक्षा मी अटींवर जास्त घासाघीस केली. ठरलं ते असं. ठरलेल्या टेबलाला महिना 5,500 अधिक 18 टक्के जीएसटी. सुरुवात चार टेबलांनी. पंधरा दिवस आधी मेल केला तर टेबलं आठपर्यंत वाढवता येतील, त्याच दरात, आणि एक महिना आधी सांगितलं तर तीनपर्यंत कमी करता येतील. डिपॉझिट दोन महिन्यांचं, 44,000. टेबलं वाढली तरी डिपॉझिट वाढणार नाही. मीटिंग रूम महिन्याला दहा तास फुकट. जानेवारी ते एप्रिल रात्री अकरापर्यंत शटर उघडं राहील आणि ते वॉचमनलाही सांगितलेलं असेल. हे शेवटचं वाक्य मी करारात जसंच्या तसं घालून घेतलं. चार टेबलांचे महिन्याला 22,000, त्यावर जीएसटी 3,960, एकूण 25,960. आम्हाला जीएसटी नोंदणी असल्याने ते 3,960 क्रेडिट म्हणून परत वळतात.

स्वस्त पडेल म्हणून नुसता पत्ता देणारी योजनाही होती, वर्षाला काही हजारांत. ज्यांना फक्त टपाल आणि पत्ता हवा त्यांच्यासाठी ठीक असेल. आम्हाला खुर्च्या हव्या होत्या.

कराराच्या नावाची भानगड समजून घ्यायला मला वेळ लागला. मोकळ्या हॉलमधली टेबलं घेतली की सहसा सेवा करार होतो, कारण जागेचा ताबा आपल्याकडे येत नाही. कुलूप लावता येणारी स्वतंत्र केबिन घेतली तर ते लिव्ह अँड लायसन्सकडे झुकतं, आणि तो करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. तो खर्च लोक उगाच घाबरतात तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, डिपॉझिटवरचं 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज त्यात मिळवून, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. आमचा सेवा करारच होता, म्हणून स्टॅम्प पेपर आणि नोटरीवर भागलं.

भागलं म्हणजे भागायला हवं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर शंभराचा स्टॅम्प पेपर आणला, मजकूर छापला आणि सहीला गेले तर तो मुलगा म्हणाला, "ताई, परवापासून पितृपक्ष. घरचे ओरडतील. घटस्थापनेला करू." घटस्थापना 3 ऑक्टोबरला. त्या दिवशी तो वणीला गडावर. मग म्हणे दसऱ्याला करू, मुहूर्तच चांगला. दसऱ्याला नोटरी बंद. आणि पुढच्याच आठवड्यात सरकारने शंभराचं मुद्रांक शुल्क पाचशे केलं! शुल्क सही ज्या दिवशी होते त्या दिवसाचं लागतं, पेपर कधी आणला याला किंमत नाही. पुन्हा पाचशेचा पेपर आणला, पुन्हा छापलं आणि 22 ऑक्टोबरला, मंगळवारी, एकदाच्या सह्या झाल्या. मुहूर्ताचे पाचशे रुपये कुणी भरायचे यावर आम्ही दोघं हसलो आणि अर्धे-अर्धे केले.

25 ऑक्टोबरला जीएसटी पोर्टलवर अर्ज भरला. मुख्य पत्ता घराचाच ठेवला आणि नवी जागा 'व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण' म्हणून जोडली. फॉर्म आरईजी-14. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत करायचा असतो. फी नाही. जोडले तीन कागद: आमचा करार, चालवणाऱ्याचं ना हरकत पत्र आणि वीजबिल. फोनवर स्कॅन करताना काळं-पांढरं करा, नाहीतर फाइल मोठी होते आणि पोर्टल घेत नाही.

मग दिवाळी. मग विधानसभेची निवडणूक तोंडावर, निम्मे सरकारी कर्मचारी निवडणुकीच्या कामाला. मी रोज सकाळी चहाआधी पोर्टलवर एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, टाकून बघायचे. 11 नोव्हेंबरला आरईजी-03 आलं, म्हणजे अधिकाऱ्यांची शंका. पोटात गोळा. उघडून बघितलं तर प्रश्न रास्त होता: वीजबिल ज्यांच्या नावावर आहे ते आणि ना हरकत पत्र देणारे वेगळे का? तीच साखळी. उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. मी मालक आणि चालवणारा यांच्यातला करार, घरपट्टीची पावती आणि मालकांनी सही केलेलं पत्र, असे तीन कागद जोडले. वर एक पानाचं साधं मराठी निवेदन लिहिलं. जागा अमुक यांची, त्यांनी अमुक तारखेच्या करारानं यांना दिली, यांनी आम्हाला टेबलं दिली, कलम अमुक पान अमुक. सीए म्हणाली, निवेदन सक्तीचं नाही, पण समोरच्याला पानं उलटत बसावं लागत नाही. 14 नोव्हेंबरला उत्तर गेलं. 20 ला मतदान झालं. 27 नोव्हेंबरला मंजुरी आली. प्रमाणपत्रावर दुसरा पत्ता छापून आलेला बघून मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले.

आधीच हे तिन्ही कागद जोडले असते, तर बहुधा दहा-बारा दिवस वाचले असते.

दुकाने आणि आस्थापना कायद्याचं काम मात्र एका संध्याकाळीच उरकलं. ऑक्टोबर छाटणीपासून मला धास्ती होती, ती त्यातल्या कामगारांच्या मोजणीची. 2017 च्या कायद्याप्रमाणे आम्ही भरलं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती, दहा झाले की नोंदणी. आम्ही सात, हंगामातल्या दोघी धरून नऊ. काठावर पास.

आणि पाटी! बाबांची पाटी. जीएसटीच्या नियम 18 प्रमाणे प्रत्येक जागेवर नोंदणी प्रमाणपत्र लावावं लागतं आणि प्रवेशाजवळच्या फलकावर जीएसटी क्रमांक लिहावा लागतो. आस्थापनेच्या फलकावर मराठी अक्षरं आधी आणि इतर भाषेपेक्षा लहान नकोत. आता को-वर्किंगमध्ये चौदा जणांच्या चौदा पाट्या लावणार कुठे? त्या मुलानं रिसेप्शनशेजारी ॲल्युमिनियमची एक चौकट केलीय. प्रत्येकाला एक फूट रुंद, चार इंच उंच पट्टी. आमची तिसऱ्या ओळीत. रविवार कारंजावरून करून आणली, 380 रुपये. निळ्यावर पांढरं, वर देवनागरीत नाव, खाली 27 ने सुरू होणारा क्रमांक. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "अक्षर बारीक आहे."

3 डिसेंबर 2024, पहिला मंगळवार. पाच जण आलो आणि टेबलं चार, म्हणून मी डे पासवर बसले. सकाळभर कुणालाच काम सुचेना. चार वर्षं रोज बोलणारी माणसं, पण सिन्नरकरीण एवढी उंच आहे हे निफाडकराला माहीतच नव्हतं. दुपारी मिसळ मागवली आणि पापड कुणाचा यावरून वाद झाल्यावर वातावरण जरा मोकळं झालं. तीन वाजता दोघांनी मिळून लेबलाच्या स्क्रीनवरचे दोन कॉलम वेगवेगळ्या रंगांत टाकले. मार्चपासून 'करू या' म्हणून यादीत पडलेलं काम, चाळीस मिनिटांत.

15 डिसेंबरला मेल टाकला आणि जानेवारीपासून आठ टेबलं घेतली. नव्या शिकाऊ मुलींना पहिले दोन आठवडे रोज बोलावलं, निफाडकर आणि मी आळीपाळीने शेजारी. त्यांना काय अडलंय हे विचारावं लागत नव्हतं, टायपिंगचा आवाज थांबला की कळायचं. फेब्रुवारीत एकदा रात्री पावणेदहाला कंटेनरचा फोन आला, तेव्हा चौघं तिथेच होतो. साडेदहाला खाली उतरलो. शटर खरंच उघडं होतं. वॉचमनकाका म्हणाले, "झाली का द्राक्षं?"

सगळं गोड नाही. शेजारच्या टेबलावर एक विमा विकणारे गृहस्थ बसतात, त्यांचा आवाज आमच्या क्लायंटपर्यंत पोचतो. फोन बूथ दोनच, सकाळी अकराला दोन्ही भरलेले. एसीच्या तापमानावरून रोज भांडणं. जानेवारीत आमच्याकडून एक मोठी चूक झाली. एका पॅकहाउसची शेतकऱ्यांच्या नावांसकट यादी सामाईक प्रिंटरवर काढली आणि तिथेच विसरलो. तासाभराने कुणीतरी सज्जनपणे आणून दिली. त्या दिवशी मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा छोटा प्रिंटर घेतला, 11,200 रुपये, आणि तो कुलपाच्या कपाटात राहतो. दुसऱ्यांची माहिती हाताळणाऱ्यांनी हा खर्च पहिल्या दिवशीच धरावा.

आणि जळगावकर. आम्ही पाच जण एका टेबलाभोवती हसत असताना तो स्क्रीनवर एकटा. दोन आठवडे तो काही बोलला नाही, मग एका कॉलवर म्हणाला, "तुमचं ठरलं की मला मेल करा." मला ते लागलं. तेव्हापासून एकत्र बसलेलो असलो तरी कॉल आपापल्या लॅपटॉपवरून, आपापले हेडफोन लावून घेतो. विचित्र दिसतं, पण सगळे सारख्याच चौकटीत दिसतात. आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्याला नाशिकला बोलावलं, पाच दिवस, राहणं-खाणं कंपनीचं. त्याचं बिल 9,400 झालं.

डिसेंबर ते मे या सहा महिन्यांचा टेबलांचा खर्च, जीएसटी सोडून: डिसेंबरचे 22,000, जानेवारी ते एप्रिल महिना 44,000 प्रमाणे 1,76,000, मेमध्ये तीनच टेबलं ठेवली त्याचे 16,500. एकूण 2,14,500. कॉलेज रोडच्या ऑफिसचे याच काळात 3,21,000 झाले असते. जाहिरातीत दाखवतात तशी निम्म्याने बचत काही नाही. एप्रिलसारखा महिना बारा महिने चालला, तर वर्षाला 5,28,000 होतील आणि मग स्वतःची जागा फार महाग वाटणार नाही. ज्यांची माणसं रोज येतात आणि संख्या हलत नाही, त्यांनी माझ्यासारखं करू नये. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यावसायिक जागा भाड्याने घेतली, तर त्यावरचा 18 टक्के जीएसटी नोंदणी असलेल्या भाडेकरूलाच भरावा लागतो. गाळा बघताना मालकाची नोंदणी आहे का, हेही विचारून घ्या.

मेमध्ये पिंपळगावचे ते गृहस्थ आले. मीटिंग रूममध्ये बसलो, चहा आला, पुढच्या हंगामाचा करार झाला. जाताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "बरंय हे. पण पोहे तिकडे चांगले होते."

बाबा गेल्या आठवड्यात येऊन गेले. रिसेप्शनशी थांबून चौकटीतल्या चौदाही पाट्या त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचल्या, आमची आली तेव्हा बोटाने अक्षराची उंची मोजली. मग आत येऊन माझ्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "ऑगस्टमध्ये किती ठेवणार?"

"तीन."

"दोन नाही होत?"

करारात किमान तीन आहेत. ऑक्टोबरात करार नवा करताना विचारून बघणार आहे. या वर्षी पितृपक्ष संपल्यावरच स्टॅम्प पेपर आणीन.